दंतवैद्याचा संगणक

पुंता अरेनासमध्ये वारा फुकट, बाकी सगळं बोटीनं येतं.
म्हणून नवीन काही न मागवता
दंतवैद्यानं दुकान बंद केलं तेव्हा
त्याचा राखाडी डबा मी हातगाडीवरून घरी आणला.
वय एकसष्ट. स्क्रू खोलता येतात,
शिलाई मशीनच्या कृपेनं.
बाकी काही येत नाही.

यास्ना, शेजारची, वय चौदा,
ओट्यावर पाय हलवत बसते आणि हुकूम सोडते.
आधी धूळ.
पंख्यावर करड्या लोकरीचा थर होता,
एक मोजा विणून झाला असता.
मग चिपवर लावायचं मलम.
"वाटाण्याएवढं," ती म्हणाली.
मी अर्धी नळी पिळली. नमनालाच घडाभर तेल.
पुसताना तिनं टोमणा मारला नाही,
हसली मात्र पोटभर.

मेमरीची पट्टी उलटी बसत नाही
हे जोर लावून पाहिल्यावर कळलं.
चालू केलं: तीन शिट्या.
पट्टी काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले,
पुन्हा बसवली: एक शिटी.
एक शिटी म्हणजे खेळ सुरू, इतकं मला कळतं.

कारण साठवायचा आहे तो खेळच.
त्रेसष्ट कॅसेटी, आमच्या वस्तीच्या क्लबाच्या.
खजिनदार मी, आणि कॅमेराही माझ्याच खांद्यावर,
दुसरं कुणी त्या वाऱ्यात उभं राहायला तयार नव्हतं.
चेंडू बहुतेक वेळा चित्राबाहेर असतो.
ऐकू येतो तो वारा,
आणि मी, रेफरीच्या आईचा उद्धार करताना.
फिती आता चिकटू लागल्या आहेत.

पण दंतवैद्याची डिस्क रिकामी नव्हती.
अर्ध्या गावाच्या दाढा तिच्यात झोपल्या होत्या,
निळसर, नावांसकट.
बघायला नको होतं. बघितलं.
मग एप्रन काढून पडद्यावर टाकला,
तोवर सेगुंदो मानसिया दिसून गेला होता,
आमचा गोलकीपर:
वरचा पुढचा दात, मुळाशी काळी फट.
तो दात कसा तुटला ते माझ्याकडे आहे.
कॅसेट एकेचाळीस, उत्तरार्ध,
खांबाला धडक,
आणि कॅमेरा माझ्या हातून सुटून
अकरा मिनिटं नुसतं गवत.

"एक बटण," यास्ना म्हणाली, "सगळं साफ."
थांब म्हटलं.
मानसियाच्या दारात उभी राहून
अडखळत सांगितलं.
तो बाजूच्या दातांनी पाव चावत ऐकत राहिला.
"दात जाताना मला विचारून गेला का?
पूस. बाकीच्यांचेही पूस.
आणि तो गोल मी अडवला होता का, तेवढं दाखव."

रात्रभर दाढांवरून शून्यं फिरली.
सकाळी दोन मोठ्या डिस्क बसवल्या,
एकीत लिहिलं की दुसरीत आपोआप उमटतं.
मी खूश. यास्ना नाही.
"हा आरसा आहे, तिजोरी नव्हे.
इथं चुकून पुसलंत, तर तिथंही गेलं."
म्हणून तिसरी प्रत बिस्किटांच्या डब्यात घालून,
वर दोन मफलर,
फेरीबोटीनं सामुद्रधुनीपलीकडे
पोर्वेनीरला, बहिणीकडे धाडली.
तिनं फोन केला: बिस्किटं कुठं आहेत?

रविवारी वीज दोनदा गेली. डबा दोनदा उठला.
स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर एकेचाळीसावी लावली.
मानसिया टोपी मांडीवर ठेवून बसला.
धडक आली, गवत आलं.
गोलाचं काय झालं ते फितीत नाहीच,
फक्त पाती, एका बाजूला झोपलेली,
आणि कुणीतरी जवळून विचारतं,
"लागलं का रे?"

तो आवाज ओळखायला आम्हा दोघांना वेळ लागला.
यास्नाचा आजोबा. ती ओट्यावरून उतरली.

मानसिया म्हणाला,
गोल राहू दे.
हे पुन्हा लाव.